पाण्याखालचे प्रश्न : भाला हातात घेण्याआधी

मागच्या अंकात मी फ्लोरिडाच्या समुद्रातल्या लायनफिशबद्दल लिहिलं होतं. हा मासा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. अटलांटिकमध्ये तो माणसामुळे पोचला आणि आता तिथल्या प्रवाळातली लहान मासळी फस्त करतो आहे. म्हणून तिथले डायव्हर त्याला भाल्याने टिपून बाहेर काढतात, आणि हे काम शिकवणारा प्रमाणपत्राचा वेगळा कोर्सही असतो. त्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत.

ताई, गेल्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा केलं आणि अक्षरशः वेड लागलं. डिसेंबरात थोरल्या बहिणीकडे फ्लोरिडाला तीन आठवडे जाणार आहे. तिथल्या एका डाइव्ह शॉपची ‘एका दिवसात लायनफिश हंटर व्हा’ अशी जाहिरात पाहिली. तारकर्लीचं सर्टिफिकेट माझ्याकडे आहे. गेल्या गेल्या हा कोर्स करता येईल का?
— २७ वर्षांची वाचक, पुणे

गेल्या गेल्या नाही येणार. तुमचा हिरमोड होईल, पण तो आत्ताच झालेला बरा. तारकर्लीत तुम्ही केलं त्याला ‘ट्राय डाइव्ह’ म्हणतात. तुमच्या पाठीवरची टाकी धरून एक प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमच्या मागे होता, जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं तोच करत होता. त्या दिवशी मिळालेला कागद आठवण म्हणून जपून ठेवा. तो डायव्हरचा परवाना नाही.

आधी हवा ‘ओपन वॉटर’ कोर्स. त्यात थोडा अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात, साधारण तीन-चार दिवस लागतात आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. हा कोर्स तुम्ही भारतातच करा. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्था आहे, मुरुडेश्वरजवळ नेत्राणी आहे, अंदमान तर आहेच. लायनफिशचा कोर्स त्याच्या पुढचा. डायव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी या संस्थेच्या कोर्सचं नाव ‘इन्व्हेजिव्ह लायनफिश ट्रॅकर’ असं आहे. काही ठिकाणी शॉपचे स्वतःचे कोर्स असतात. अनेक प्रशिक्षक ओपन वॉटरवर थांबत नाहीत, त्यापुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कोर्सचं कार्ड किंवा ठरावीक डाइव्हचा अनुभव मागतात. असं मागणारा प्रशिक्षक भेटला तर त्याच्याकडेच शिका.

मी हा कोर्स बोनेअरला केला. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं हे छोटं डच बेट. १९७९ पासून त्याच्या भोवतीचा समुद्र संरक्षित आहे आणि तिथे भाल्याने मासेमारी करायला सक्त बंदी आहे. २००९ च्या ऑक्टोबरात तिथे पहिला लायनफिश दिसला आणि बेटावरच्या लोकांना आपल्याच नियमाला एक अपवाद करावा लागला. ज्याने प्रशिक्षण घेतलंय, त्याला ‘एल्फ’ नावाचा आखूड भाला वापरता येतो, तोही फक्त या एका माशासाठी. त्याला बंदुकीसारखा घोडा नसतो. मागे रबराचा पट्टा असतो, तो अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून ताणायचा आणि सोडायचा.

मला वाटलं होतं, पहिल्याच डाइव्हला भाला मिळेल. तेव्हा माझ्या नावावर १४० डाइव्ह होत्या. प्रशिक्षकाने हातात काहीच दिलं नाही. पंधरा मीटरवर एका कपारीपाशी नेलं, छताला उलटा लटकलेला लायनफिश दाखवला आणि खूण केली : इथे राहा. माशापासून हातभर अंतरावर, कशालाही न टेकता, पाच मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला माझं डोकं खाली गेलं, पाय वर आले, आणि ते सावरताना माझ्या पायातल्या फिनचा शेंडा मागच्या जांभळ्या स्पंजला लागला. त्याचा एक तुकडा माझ्या डोळ्यांसमोरून तरंगत गेला. प्रशिक्षकाने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘शाब्बास’ नसतो, ‘वर चला’ असा असतो. बोटीवर तो एवढंच म्हणाला, “उद्या पुन्हा.” भाला मला तिसऱ्या दिवशी मिळाला.

तेव्हा राग आला होता. आज मी नव्या लोकांना घेऊन जाते तेव्हा तेच करते. ज्या प्रवाळासाठी हा सगळा खटाटोप, तोच आपल्या लाथेने मोडणार असेल तर मासा मारून काय मिळवलं? म्हणून कोर्सचा गाभा नेम नाही, बॉयन्सी आहे. श्वासावर शरीर तोलून धरायचं, आणि ते एक हात भाल्यात आणि दुसरा मासे ठेवायच्या डब्यात गुंतलेला असताना.

बाकीचं शिकायला सोपं आहे. मासा दिवसा कपारीत आणि कड्यांच्या सावलीत असतो, पहाटे आणि संध्याकाळी खायला बाहेर पडतो. माणसाला बघून पळत नाही. पंखे पसरून जागीच उभा राहतो, म्हणून भाल्याचं टोक अगदी जवळ नेता येतं. डोक्याच्या लगेच मागे मारायचं. माशामागे प्रवाळ किंवा स्पंज असेल तर मारायचं नाही, थांबायचं. तो हलला नाही तर सोडून द्यायचं. आणि नेम खात्रीचा नसेल तरीही सोडून द्यायचं, कारण चुकलेला नेम मासा विसरत नाही. जिथे वारंवार शिकार होते तिथले लायनफिश दिवसा कपारीत आणखी आत दडून बसतात, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. तुमची एक घाई तुमच्यानंतर येणाऱ्या सगळ्यांना महाग पडते.

टिपलेला मासा जाळीच्या पिशवीत ठेवायचा नसतो, काटे आरपार येतात. त्यासाठी ‘झूकीपर’ नावाचा प्लॅस्टिकचा जाड, नळीसारखा डबा मिळतो. तोंडाशी आत वळलेल्या लवचीक पट्ट्या असतात. भाला आत घालून ओढला की मासा आत राहतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, हवा. लक्ष माशावर असतं, हवेच्या काट्यावर नसतं. एक टिपला, त्याच्या थोडा खाली दुसरा दिसतो, त्याच्या खाली तिसरा. बावीस मीटरचं ठरवून गेलेला माणूस तिसावर कधी पोचला हे त्याला कळत नाही, आणि शिकारीच्या भरात श्वास तर दुप्पट लागलेला असतो. माशाच्या विषापेक्षा मला या ओढीची जास्त भीती वाटते. माझा नियम असा : टाकी निम्मी झाली की भाल्याचं रबर सैल करायचं. समोर केवढाही मासा असो.

फ्लोरिडाच्या कायद्याने या कोर्सची सक्ती नाही, हेही सांगते. हाताने ताणायचा भाला, हवाइयन स्लिंग (गलोलीसारखा रबराने सोडायचा भाला), हातजाळी किंवा खास लायनफिशसाठीच बनवलेला भाला वापरणार असाल तर तिथे मासेमारीचा परवानासुद्धा लागत नाही. किती मासे धरावेत, केवढे धरावेत, यालाही मर्यादा नाही. पण भाला कुठे चालवायचा याचे नियम कडक आहेत. सार्वजनिक पोहण्याच्या किनाऱ्यापासून १०० यार्डांच्या आत नाही, ‘की लार्गो’ या बेटाजवळच्या पेनेकँप प्रवाळ उद्यानात नाही, अशी यादी मोठी आहे. आदल्या दिवशी विचारून घ्या.

तेव्हा माझा सल्ला : दिवाळीपर्यंत ओपन वॉटर करा, त्यानंतर जमतील तेवढ्या डाइव्ह घ्या. फ्लोरिडात पहिल्या आठवड्यात बॉयन्सीचा सराव, मग हा कोर्स. परतीच्या विमानाआधी किमान १८ तास पाण्यात उतरू नका. आणि तीन आठवड्यांत भाल्यापर्यंत नाही पोचलात, तर नुसते लायनफिश मोजून या. त्या नोंदीही कामाच्या असतात.

आमचा मुलगा फ्लोरिडात शिकतो. डायव्हिंगचं कार्ड आहे त्याच्याकडे. हल्ली मित्रांबरोबर हे विषारी मासे मारायला जातो. परवा व्हिडिओ पाठवला, मेलेला मासा भाल्याच्या टोकावरूनच एका मोठ्या माशाला भरवतोय. माझी तर झोप उडाली आहे. विष चढलं तर काय करायचं?
— एक आई, ठाणे

तुमच्या काळजीला कारण आहे, पण झोप उडावी एवढं नाही. लायनफिशला अठरा विषारी काटे असतात : पाठीवर तेरा, पोटाखालच्या परांना दोन, शेपटीजवळ खाली तीन. पंख्यासारखे ते मोठे देखणे पर, ज्यांना सगळे घाबरतात, त्यांत विष नसतं. हा मासा काटे फेकत नाही, अंगावर धावूनही येत नाही. काटा टोचतो तो बहुतेकदा आपल्याच घाईने, आणि पाण्यापेक्षा बोटीवर जास्त, कारण मासा मेला तरी काट्यातलं विष शिल्लक असतं.

मला असंच लागलं. डबा रिकामा करताना मी बाजूच्या मैत्रिणीशी बोलत होते, काटा उजव्या अंगठ्यात गेला. पहिला मिनिटभर मधमाशी चावल्यासारखं वाटलं. दहा मिनिटांत कळ कोपरापर्यंत चढली आणि मी ओठ चावून बसले. मला दोन बाळंतपणांचा अनुभव आहे, म्हणून सांगते, ती कळ हलकी नव्हती.

यावर उपाय गरम पाण्याचा. हे विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने मोडतं. सोसेल एवढ्या गरम पाण्यात, म्हणजे ४५ अंशांच्या आतबाहेर, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने बघायचं, नाहीतर विषाच्या कळेत हात भाजलेलाही कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर काढायचा, जखम धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर आहे ना ते पाहायचं. धाप लागली, चेहरा सुजला, चक्कर आली तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट हॉस्पिटल. मुलाला एकच विचारा, “बोटीवर गरम पाण्याचा थर्मास असतो का?” नाही म्हणाला, तर तुम्हीच एक पाठवा.

व्हिडिओतली गोष्ट मात्र बंद करायला सांगा, आणि जरा आवाज चढवूनच सांगा. सुरुवातीच्या काळात अनेकांनी हे केलं. तिथल्या मोठ्या गोब्रा जातीच्या माशांना, शार्कना, सापासारख्या लांब मोरे ईल माशांना लायनफिशची चव लावली तर तेच पुढे त्याला खातील, अशी आशा होती. ते मासे शिकले भलतंच : डायव्हर आला की खायला मिळतं. मग ते भाला नसलेल्या माणसाच्याही मागे लागतात, डब्याला धडका देतात, हात तोंडात धरतात. मी स्वतः एका नर्स शार्कला पंचवीस मिनिटं आमच्या मागे फिरताना पाहिलं आहे. त्या जनावराचा त्यात काही दोष नव्हता.

मी कोकणात डायव्हिंग गाइड आहे. लायनफिश आपल्या समुद्रातही आहे, अंदमानला तर मी कितीदा पाहिला. मग हा कोर्स इकडे का देत नाहीत? आम्हीही मोहीम काढू शकतो.
— रत्नागिरी जिल्ह्यातील वाचक

तुमच्या मोहिमेच्या इच्छेला नमस्कार, पण हा मासा त्यासाठी नाही. लायनफिश आपल्याकडचा घरचा आहे. अंदमानच्या प्रवाळात तो हजारो वर्षं राहतो आहे. इथल्या लहान माशांना तो कसा शिकार करतो ते ठाऊक आहे, त्याच्याशी अन्नासाठी झगडणारे आहेत, त्याला त्रास देणारे परजीवी आहेत. म्हणून तो जागोजाग सुटासुटा दिसतो. कॅरिबियनमधल्या लहान माशांनी असा प्राणी कधी पाहिलाच नव्हता. तो पर पसरून अंगावर येतो, तेव्हा ते पळतसुद्धा नाहीत. मी पाहिलंय, बोटभर मासा त्याच्या परांच्या सावलीत जाऊन उभा राहतो.

तोच मासा, तेच पट्टे, पण एका समुद्रात तो शेजारी आहे आणि दुसऱ्यात घुसखोर. भाला उचलायचा की नाही हे माशावर ठरत नाही, जागेवर ठरतं. कोर्सच्या पहिल्या तासाला हेच शिकवतात आणि बहुतेक जण हेच विसरतात. फ्लोरिडाचा कोर्स केलेला कुणी उत्साही पाहुणा तुमच्या बोटीवर येऊन इथे भाला मागेल, तर त्याला ठाम नाही म्हणा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. तिथे अशी शिकार म्हणजे सरळ गुन्हा.

लायनफिश खरोखर घुसखोर आहे असा दुसरा समुद्र भूमध्य. सुएझ कालव्यातून तो तिकडे शिरला. १९९१ मध्ये इस्रायलजवळ एक सापडला, मग वीसेक वर्षं शांतता, आणि २०१२ नंतर लेबनॉन आणि सायप्रसकडे तो भराभर वाढला. सायप्रसला डायव्हरांचे गट हेच काम करतात.

तुम्हाला काम हवंच असेल तर आपल्या समुद्रात आलेला पाहुणा वेगळा आहे : ‘स्नोफ्लेक कोरल’, पांढऱ्या फुलोऱ्यासारखा दिसणारा मऊ प्रवाळ. कच्छचं आखात, मन्नारचं आखात, अंदमान, सगळीकडून त्याच्या नोंदी आहेत. तो स्वतः उपटू नका, तुकड्यांतूनही तो पसरू शकतो. फोटो काढा, जागा, खोली आणि तारीख लिहा, आणि सागरी जीवशास्त्राच्या जवळच्या महाविद्यालयाकडे द्या. रोज पाण्यात उतरणाऱ्या गाइडएवढी नजर संशोधकाकडेही नसते.

तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. मासा बिचारा स्वतःहून तिथे गेला नाही. माणसाने नेला, आणि आता माणूसच त्याला मारायच्या स्पर्धा घेऊन बक्षिसं वाटतो. ही हिंसा तुम्हाला खटकत नाही?
— निवृत्त शिक्षिका, नागपूर

खटकते, बाई. आम्ही लोक ‘लायनफिश काढले’ असं म्हणतो. पण मी मारते, आणि मारणं हाच त्याचा शब्द आहे.

तुमचं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. १९८५ मध्ये फ्लोरिडातल्या डेनिया बीचजवळ शेवंड धरणाऱ्या एका माणसाला पहिला लायनफिश मिळाला. कुणीतरी घरच्या काचेच्या टाकीतले मासे समुद्रात सोडले असावेत, असंच अभ्यासक मानतात. पुढे तो उत्तर कॅरोलिना, बहामा, मेक्सिकोचं आखात आणि शेवटी ब्राझीलपर्यंत पोचला. एक मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालते. बहामात एक प्रयोग झाला होता : प्रवाळाच्या छोट्या छोट्या बेटांपैकी काहींवर एकेक लायनफिश ठेवला, काही तशीच ठेवली. पाच आठवड्यांनी पाहिलं, तर लायनफिश असलेल्या बेटांवर नव्याने वस्तीला येणाऱ्या पिल्लांची भर ७९ टक्क्यांनी कमी झाली होती. एका माशाने, पाच आठवड्यांत. आपण हात आवरला तर हिंसा थांबत नाही, फक्त आपल्याला दिसत नाही.

सगळे लायनफिश संपवता येणार नाहीत, हेही मान्य. ते तीनशे मीटर खोलीपर्यंतही आहेत, तिथे डायव्हर पोचत नाही. पण एखादा प्रवाळाचा पट्टा वर्षभर नियमित राखला, तर तिथली लहान मासळी पुन्हा दिसू लागते. आमचा गट असा एक पट्टा राखतो. पहिल्या वर्षी तिथे शुकशुकाट होता. आता मी कड्याखाली टॉर्च मारला की निळे-पिवळे चिमुकले मासे भर्रकन पांगतात. हे दिसतं म्हणून मी दर महिन्याला उतरते.

स्पर्धांमधल्या जल्लोषाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. ‘की लार्गो’ची ‘रीफ’ ही संस्था २००९ पासून अशा स्पर्धा घेते. तिथे माशांची लांबी मोजतात, पोट उघडून काय खाल्लंय ते बघतात, आणि मासे खाण्यासाठी जातात. त्यात मला गैर वाटत नाही. पण जिवंत मासा भाल्यावर तडफडत ठेवून फोटो काढणाऱ्याला आम्ही पुन्हा बोटीवर घेत नाही. डोक्यामागे एक घाव, आणि तो चुकला तर लगेच चाकू. हे जमत नसेल त्याने मोजणी करावी.

लायनफिश खातात का? चव कशी असते?
— मासेखाऊ कुटुंब, अलिबाग

खातात. पांढरं, घट्ट, गोडसर मांस, काटे सोपे. मी तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवते आणि तव्यावर भाजते. काटे कात्रीने आधी कापायचे. शिजवल्यावर विष उरत नाही. मात्र कॅरिबियनच्या काही भागांत प्रवाळातल्या माशांत सिग्वाटेरा नावाचं दुसरं विष साचतं, ते शिजवूनही जात नाही. त्यामुळे कुठल्या पाण्यातला मासा आहे हे विचारल्याशिवाय ताटात घेऊ नका.

मी अकरावीत आहे. माझ्या टाकीतला सकर मासा एक फूट झाला. आई म्हणते, तलावात सोडून ये, पुण्य लागेल. सोडू का?
— वाचक, सोलापूर

नको सोडूस. आईला हे पत्र वाचून दाखव. तुझ्या जिल्ह्यातल्या उजनीच्या मच्छीमारांना विचार, सकर जाळ्यात आला की काय होतं. खाणारं गिऱ्हाईक नाही, आणि त्याच्या खरखरीत काटेरी अंगाने जाळी फाटते. हा दक्षिण अमेरिकेतला मासा उजनीत उडून आलेला नाही. तुझ्यासारख्याच घरांतल्या टाक्या भरल्या आणि कुणीतरी दया येऊन तो सोडला. डेनिया बीचलाही कुणीतरी बहुधा असंच केलं असणार.

ज्या दुकानातून आणलास त्याला आधी विचार, परत घेतो का. नाही म्हणाला तर मोठी टाकी असलेला कुणी हौशी माणूस शोध, किंवा तुझ्या शाळा-कॉलेजची प्रयोगशाळा बघ. तोवर टाकीचं अर्धं पाणी दर आठवड्याला बदल. एक फुटी सकर खूप घाण करतो. जागा मिळाली नाही तर मला पुन्हा लिही, तुझ्या बाजूला कोण आहे ते मी शोधते.